पत्रा न कापता स्टिरिओ : जुन्या मोटारींविषयी वाचकांचे प्रश्न

या सदराकडे पावसाळ्यापासून आलेल्या पत्रांपैकी बऱ्याच पत्रांत एकच विषय होता, तो म्हणजे जुन्या गाडीच्या डॅशबोर्डात नवा स्टिरिओ कसा बसवावा. त्यामुळे या खेपेचे संपूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे. ज्यांचे प्रश्न मिळतेजुळते होते त्यांनी आपले उत्तर दुसऱ्या कुणाच्या प्रश्नाखाली शोधावे, ही विनंती.

प्रश्न : आमच्याकडे वडिलांनी घेतलेली 1968 सालची फियाट 1100 डिलाइट आहे. डॅशबोर्डाच्या मध्यावर दोन खुंट्यांचा जुना रेडिओ असून तो बरीच वर्षे बंद आहे. मोबाइलवरची गाणी ऐकता यावीत म्हणून ब्लूटूथचा नवा स्टिरिओ बसवावा, असे मुलाचे म्हणणे आहे. जेल रोडवरील एका दुकानात चौकशी केली, तेव्हा ‘खाच जरा मोठी करून देऊ, अर्ध्या तासाचे काम आहे’ असे सांगण्यात आले. करून घ्यावे काय?
— एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : करून घेऊ नये. काम अर्ध्या तासाचे आहे हे दुकानदाराचे म्हणणे खरे आहे. पण ते पूर्ववत करायचे झाले तर कित्येक दिवस आणि एक कसबी डेंटर लागतो, हे त्याने आपल्याला सांगितलेले दिसत नाही.

हल्लीचा साधा स्टिरिओ ज्या खाचेत बसतो ती 182 मिलिमीटर रुंद आणि 53 मिलिमीटर उंच असते. हे माप जर्मन मानकातून आले आणि 1980च्या दशकात जगभर रूढ झाले. आपली फियाट त्याच्या कितीतरी आधीची आहे. आपल्या रेडिओची रचना निराळी आहे. त्याच्या दोन्ही बाजूंच्या दांड्या पत्र्यातील दोन गोल भोकांतून बाहेर येतात, त्यांच्यावर नट आवळलेले असतात, नटांपुढे खुंट्या बसतात आणि मधल्या लहान खिडकीतून आकड्यांची पट्टी दिसते. नवा स्टिरिओ बसवायचा म्हणजे त्या दोन भोकांच्या आणि खिडकीच्या मधला सगळा पत्रा काढून टाकायचा. त्या काळच्या बहुतेक गाड्यांत डॅशबोर्ड हा स्क्रू काढून बदलता येणारा प्लास्टिकचा भाग नसून बॉडीचाच पत्रा असतो. तो एकदा कापला की कडेचा ताठपणा जातो, खड्ड्यांतून जाताना तो थरथरू लागतो, आणि कापलेल्या कडेवर रंग नसल्यामुळे एका पावसाळ्यात तिथे गंज धरतो.

माझ्या पद्मिनीच्या बाबतीत हेच घडले होते. ती माझ्याकडे येण्यापूर्वी कुणीतरी टेप बसवण्यासाठी तिचा डॅशबोर्ड कापला होता. टेप काढल्यावर आतली कड दिसली: डाव्या कोपऱ्यात करवतीचे पाते घसरून बोटाच्या पेराएवढी चीर पुढे गेलेली होती, ती एम-सीलने बुजवलेली होती आणि त्यावर काळा रंग फासलेला होता. पत्र्याचा तुकडा घालून ती खाच पुन्हा भरताना वेल्डिंगच्या उष्णतेने भोवतालचा पत्रा लाटेसारखा उठला, तो ठोकून सपाट करावा लागला, आणि रंग एकसारखा यावा म्हणून पुढची काचही काढावी लागली. आज ते काम पाहणाऱ्याला दिसत नाही, पण मला दिसते. म्हणूनच या प्रश्नावर माझे उत्तर इतके ठाम आहे.

मग करावे काय? मला सर्वांत पसंत असलेला मार्ग असा, की जुना रेडिओ जागेवरून हलवूच नये आणि नवे यंत्र दिसणार नाही अशा ठिकाणी बसवावे. ब्लूटूथ असलेला लहान अॅम्प्लिफायर आता तळहाताएवढा मिळतो. तो सीटखाली किंवा हातमोज्यांच्या खणामागे सहज मावतो, गाडीच्या चावीबरोबर चालू आणि बंद होतो, आणि आवाज मोबाइलवरून कमीजास्त करता येतो. ज्यांना हाताला बटण हवेच असते त्यांनी वायरवर चालणारी एक लहान खुंटी डॅशबोर्डाच्या खालच्या कडेला पट्टीवर लावावी. गाडीत बसणाऱ्याला समोर वडिलांचाच रेडिओ दिसेल आणि मुलालाही त्याची गाणी ऐकता येतील.

दुसरा मार्ग अधिक देखणा, पण कारागिरावर अवलंबून आहे. जुन्या रेडिओच्या पोटातच ब्लूटूथची चकती बसवून तिचा आवाज जुन्या आवाजाच्या खुंटीतून पुढे नेता येतो, म्हणजे खुंटी तीच आणि दिवाही तोच राहतो. रेडिओची खरी जाण असलेला माणूस माहितीत असेल तरच हे काम द्यावे, आणि त्याला रेडिओच्या डब्याला प्लस जोडलेला आहे की मायनस, हे आधी तपासायला सांगावे, कारण 1960च्या दशकातील रेडिओंत दोन्ही प्रकार आढळतात.

तिसरा मार्ग म्हणजे दोन खुंट्यांचाच नवा स्टिरिओ. रेट्रोसाउंडसारख्या कंपन्या असे संच बनवतात. त्यांच्या दांड्या आपल्या भोकांच्या अंतराप्रमाणे सरकवता येतात. येथे एक सावधगिरी बाळगावी. ब्लाउपुंक्टचा ब्रेमेन एसक्यूआर 46 डॅब हा संच दिसायला थेट जुन्या वळणाचा आहे, परंतु त्याचे माप आजच्याच खाचेचे आहे. म्हणून चित्र पाहून काहीही मागवू नये. जुना रेडिओ काढून दोन्ही भोकांच्या मध्यापासून मध्यापर्यंतचे अंतर, मधल्या खिडकीची रुंदी व उंची आणि डॅशबोर्डामागची खोली मोजावी, नव्या संचाच्या मापाचा पुठ्ठ्याचा खोका करावा आणि तो मागून आत घालून पाहावा. स्पीडोमीटरची केबल कुठे वळते, वायपरची यंत्रणा कुठे फिरते, हे मोजपट्टीला कळत नाही, खोक्याला कळते.

रेडिओ काढण्यापूर्वी बॅटरीची बॉडीला जोडलेली वायर सोडवावी. काढलेल्या खुंट्या, नट आणि मागची आधारपट्टी एका कापडी पिशवीत घालून रेडिओबरोबरच ठेवावीत, कारण रेडिओ पुन्हा मिळेल पण त्याच्या मापाचे नट मिळत नाहीत.

प्रश्न : माझ्या 1974 सालच्या अॅम्बेसेडर मार्क टूमध्ये डॅशबोर्डाखाली पट्टी लावून स्टिरिओ बसवला. पत्रा कापलेला नाही. परंतु रात्री दिवे लावून स्टिरिओ चालवला की वायर जळाल्यासारखा वास येतो, आणि सिग्नलला गाडी थांबली की चार्जिंगचा लाल दिवा लुकलुकतो. बसवणाऱ्याने स्टिरिओत दोष नसल्याचे सांगितले.
— एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : स्टिरिओत दोष नसेलही, पण ज्या वायरीवर तो जोडला आहे तिच्यात निश्चितच आहे. हे पत्र वाचल्यावर आपण तो सुरू करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. वास येतो याचा अर्थ वायरीचे आवरण तापून मऊ होत आहे, आणि पन्नास वर्षांच्या गाडीत त्या वायरीला खेटून आणखी डझनभर वायरी आहेत.

आपल्या गाडीची विद्युतरचना ल्यूकस या ब्रिटिश कंपनीच्या पद्धतीची आहे. त्या काळच्या फ्यूज बॉक्सात सहसा 35 अॅम्पियरचा फ्यूज असे, आणि काही मार्गांना तर फ्यूजच नसे. स्टिरिओची बारीक वायर अशा मार्गाला मध्येच सोलून गुंडाळली, की पुढे कुठे घासून शॉर्ट झाल्यास फ्यूज उडण्याआधी वायरच पेटते. डॅशबोर्डाखाली बॅटरीचा दिवा धरून एकदा पाहावे. जुन्या वायरीचे रबर बोटांत धरून किंचित वाकवले तर भाजलेल्या शेंगदाण्याच्या टरफलासारखे सुटून येते आणि आत हिरवट पडलेले तांबे दिसते. अशा वायरीवर कुणीही नवा भार टाकू नये.

स्टिरिओसाठी बॅटरीपासून स्वतंत्र वायर आणावी. ती अडीच चौरस मिलिमीटरची, तांब्याची असावी. बॅटरीच्या टोकापासून वीतभर अंतराच्या आत तिच्यात 10 अॅम्पियरचा फ्यूज घालावा. आणि इंजिनाकडून आत येताना ती पत्र्याच्या भोकातून रबरी बुशमधूनच घ्यावी. ही वायर एका रिलेला, म्हणजे चावीच्या लहानशा प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या स्विचला, द्यावी, रिले चावीने चालू व्हावा आणि त्यातून स्टिरिओची लाल वायर निघावी. पिवळी वायर साठवलेली केंद्रे संचाच्या स्मरणात राहण्यासाठी असते. तिच्याविषयी पुढे एका वाचकाला लिहिले आहे. काळी वायर कुठल्याही स्क्रूखाली न दाबता, रंग खरवडून उघड्या केलेल्या पत्र्यावर थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचे धातूचे टोक) लावून बोल्टने आवळावी. वायरी पिळून इन्सुलेशन टेप गुंडाळण्याची पद्धत इंदूरच्या उन्हाळ्यात टिकत नाही. मे महिन्यात बंद गाडीत टेपचा डिंक पातळ होतो आणि गुंडाळी सुटते. जोड डाख देऊन किंवा थिंबल दाबूनच करावा आणि त्यावर स्लीव्ह चढवावी.

लाल दिव्याचा प्रश्न वेगळा आहे आणि तो हिशेबाने समजून घ्यावा. त्या काळचा ल्यूकसचा सी 40 डायनॅमो, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणारे यंत्र, जास्तीत जास्त 22 अॅम्पियर देतो, तेही इंजिन चांगले फिरत असताना. पुढचे दोन दिवे 45 वॅटचे धरले तर साडेसात अॅम्पियर त्यांनाच लागतात. मागचे व बाजूचे दिवे दोन अॅम्पियर घेतात, प्लगच्या ठिणगीसाठी दाब वाढवणारी इग्निशन कॉइल साडेतीनच्या आसपास घेते, आणि पाऊस असला तर वायपर आणखी दोन-तीन. उरले साधारण सहा. मध्यम आवाजात आजचा स्टिरिओ दोन ते चार अॅम्पियरवर भागतो, म्हणजे गाडी चालू असताना काही अडत नाही. परंतु इंजिन मंद फिरत असताना डायनॅमो जवळजवळ काहीच देत नाही, सगळा भार बॅटरीवर येतो आणि दिवा लुकलुकतो. तेवढ्यापुरते ते स्वाभाविक आहे. खोक्यावर छापलेले ‘50 वॅट गुणिले 4’ हे क्षणिक शिखराचे आकडे असतात. ते खरे मानून वेगळा मोठा अॅम्प्लिफायर आणि मागे सबवूफर बसवण्याचा आग्रह कुणी धरला तर नकार द्यावा. डायनॅमोवर तो भार पेलत नाही.

प्रश्न : आजोबांची 1958 सालची मॉरिस मायनर 1000 सुरू करून घेतली आहे. तिच्यात बॅटरीचा प्लस बॉडीला जोडलेला आहे. एक इलेक्ट्रिशियन म्हणतात की हे चुकीचे आहे, दुसरे म्हणतात की स्टिरिओची लाल वायर बॉडीला आणि काळी बॅटरीला जोडली की झाले. खरे काय?
— एक वाचक, स्नेहलतागंज, इंदूर

उत्तर : दोघांचेही बरोबर नाही. आपली गाडी कारखान्यातूनच तशी आली आहे. त्या काळच्या बहुतेक ब्रिटिश मोटारींत प्लस बॉडीला जोडण्याची पद्धत होती आणि ती 1960च्या दशकात हळूहळू सुटली.

दुसऱ्या इलेक्ट्रिशियनांचा उपाय मात्र धोक्याचा आहे. स्टिरिओचा धातूचा डबा आतून त्याच्या काळ्या वायरीला जोडलेला असतो, आणि एरियलच्या वायरीचे बाहेरचे जाळेही. काळी वायर बॅटरीच्या जिवंत टोकाला दिली की तो सगळा डबा जिवंत होतो. तो डॅशबोर्डाच्या पत्र्याला टेकला, किंवा एरियल बॉडीवर आवळला, की सरळ शॉर्ट होतो. डब्याला रबर गुंडाळून काही जण वेळ मारून नेतात. रबर सरकते, तेव्हा गाडीत कुणी बसलेले असते.

दोन रीतसर मार्ग आहेत. गाडी मूळ स्वरूपात ठेवायची असेल तर ज्याची आत येणारी आणि बाहेर जाणारी बाजू एकमेकींपासून पूर्ण विलग असते असा 12 व्होल्टचा कन्व्हर्टर बसवावा आणि स्टिरिओ त्यावर चालवावा. त्याचे बाहेरचे मायनस मग बॉडीला जोडता येते. किंवा गाडीचीच जोडणी उलटवावी, म्हणजे मायनस बॉडीला घ्यावा. मायनरच्या बाबतीत हे काम वाटते तितके अवघड नाही, कारण तिच्यात प्लस-मायनसच्या दिशेला संवेदनशील अशा गोष्टी थोड्या आहेत. स्टार्टर दोन्ही पद्धतींनी त्याच दिशेने फिरतो, दिव्यांना फरक पडत नाही, आणि दारांच्या खांबांतून बाहेर येणारे सिग्नलचे हातही तसेच उठतात.

काय करायचे ते सांगतो. बॅटरी काढून फिरवून बसवावी आणि क्लॅम्प बदलून घ्यावेत; बॅटरीचे प्लसचे टोक मायनसपेक्षा जाड असते, त्यामुळे जुने क्लॅम्प उलट टोकांवर नीट बसत नाहीत, आणि ठोकून बसवू तर नयेतच. कॉइलवरच्या दोन बारीक वायरींची अदलाबदल करावी, नाहीतर प्लगवरची ठिणगी दुबळी होते. त्यानंतर इंजिन सुरू करण्यापूर्वी डायनॅमोला नवी दिशा शिकवावी लागते: त्याच्या ‘एफ’ टोकावरची वायर काढून ठेवावी, बॅटरीच्या जिवंत टोकापासून आणलेली एक वायर त्या टोकाला क्षणभर दोन-तीनदा टेकवावी, लहानशी ठिणगी दिसते, आणि मग मूळ वायर परत जोडावी. ही पायरी विसरली तर डायनॅमो उलट दिशेने वीज देतो आणि कटआउटचे, म्हणजे डायनॅमो बॅटरीला जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे, पॉइंट जळतात. पेट्रोलचा विजेवरचा पंप नंतर कधी बदललेला असेल तर तो पाहून घ्यावा, कारण जुन्या पंपाला दिशा नसते, नव्या इलेक्ट्रॉनिक पंपाला असते. शेवटी बॅटरीजवळ ‘मायनस बॉडीला’ असे ठळक अक्षरांत लिहून चिकटवावे. पुढच्या मेकॅनिकने जुनी माहितीपुस्तिका उघडून पुन्हा उलटे जोडू नये, यासाठी ते हवे.

स्टिरिओसाठी मायनरमध्ये पत्रा कापण्याचा प्रश्नच येऊ नये. मधल्या मोठ्या स्पीडोमीटरच्या बाजूचा खण आपल्यासाठीच ठेवला आहे असे समजावे.

प्रश्न : स्टिरिओवर मोबाइलमधली गाणी स्वच्छ ऐकू येतात, पण रेडिओ लावला की तडतड होते आणि अॅक्सिलरेटर दाबला की ती वाढते. नवीन एरियल लावूनही फरक नाही.
— एक वाचक, टिळकनगर, इंदूर

उत्तर : आपल्या पत्रातच अर्धे निदान आहे. मोबाइलची गाणी स्वच्छ येतात, म्हणजे वीजपुरवठ्याच्या वायरीतून खरखर येत नसावी. खात्रीसाठी इंजिन चालू ठेवून स्टिरिओच्या मागची एरियलची पिन उपसावी. तडतड थांबली तर ती हवेतून एरियलमार्गे येत आहे. थांबली नाही तर वायरीतून येत आहे. हे पाहिल्याशिवाय काहीही विकत घेऊ नये.

हवेतून येणारी तडतड ही प्लगच्या ठिणगीची असते. जुन्या गाडीत तांब्याच्या प्लगवायरी असतात आणि प्रत्येक वायर लहानसे प्रक्षेपणकेंद्रच होते. प्लगवर 5 किलोओहमच्या रोधाच्या टोप्या बसवाव्यात. एरियलच्या बुडाशी फेंडरच्या आतल्या बाजूचा रंग आणि गंज खरवडून तिथे चकचकीत पत्रा उघडा करावा, कारण नवीन एरियल बहुधा जुन्या गंजावरच आवळले गेले असणार. बॉनेट आणि बॉडी यांच्यामध्ये तांब्याच्या जाळीची एक पट्टी जोडावी. इंजिनावरचे ते झाकण बॉडीला विजेच्या दृष्टीने नीट जोडलेले नसले की आतली तडतड बाहेर गळते.

एवढ्याने भागले नाही तर 1 मायक्रोफॅरडचा कंडेन्सर कॉइलच्या चावीकडच्या टोकाला लावून त्याचा डबा बॉडीला आवळावा. तो डिस्ट्रिब्युटरकडच्या टोकाला लावू नये, नाहीतर ठिणगीच बिघडते. कुणाच्या गाडीत तडतडीऐवजी इंजिनाबरोबर चढत जाणारी शीळ ऐकू येत असेल तर ती डायनॅमोची असते. तिथेही असाच कंडेन्सर ‘डी’ टोकाला लावतात, ‘एफ’ टोकाला कधीही नाही.

प्रश्न : डॅशबोर्डाच्या वर जाळीखाली एकच लंबगोल स्पीकर आहे. डाव्या-उजव्या दोन्ही वायरी त्यालाच जोडल्या तर चालेल का? दरवाजे कापायचे नाहीत.
— एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : चालणार नाही, स्टिरिओ जळेल. डाव्या आणि उजव्या बाजूचे आवाज एकत्र बांधता येत नाहीत, आणि स्पीकरची एक वायर बॉडीला देण्याची जुनी पद्धतही आजच्या स्टिरिओला चालत नाही. त्याच मापाचा, एकाच शंकूला दोन कॉइली असलेला स्पीकर मिळतो. त्याच्या एका कॉइलला डावी आणि दुसरीला उजवी जोडी द्यावी. जुना स्पीकर फेकू नये.

दरवाजे न कापण्याचा आपला निर्णय योग्य आहे. पुढे पाय ठेवण्याच्या जागेच्या दोन्ही कडांना सहा मिलिमीटर प्लायवूडच्या फळ्या कापून, त्यांवर गाडीच्या आतल्या रंगाचे रेक्झिन ताणून, त्यांत दोन लहान स्पीकर बसवावेत. फळी मूळ स्क्रूंच्याच भोकांवर बसली पाहिजे, म्हणजे उद्या ती काढली तरी गाडीवर खूण राहत नाही. फक्त क्लच दाबताना बूट लागतो का, ते आधी बसून पाहावे.

प्रश्न : गाडी महिन्यातून एकदाच बाहेर काढतो. स्टिरिओ बसवल्यापासून प्रत्येक वेळी बॅटरी उतरलेली असते.
— एक वाचक, महू

उत्तर : पिवळी वायर चावी बंद असतानाही स्टिरिओला वीज देत राहते. चांगला संच असा बंद असताना 5 मिलिअॅम्पियरच्या आसपास घेतो, म्हणजे महिन्यात 3.6 अॅम्पियर-तास, ते बॅटरीला जाणवत नाही. पण हलक्या दर्जाचा संच 20 घेत असेल तर तोच आकडा 14.4 होतो, आणि 40 अॅम्पियर-तासांच्या, आधीच थकलेल्या बॅटरीला तेवढे पुरते. बॅटरी आणि पिवळी वायर यांच्यामध्ये मीटर घालून आकडा पाहावा. तो मोठा निघाला तर पिवळ्या वायरीत एक साधा स्विच टाकावा. केंद्रांची नोंद पुसली जाईल, पण गाडी सुरू होईल. मीटरवर आकडा लहानच निघाला तर दोष बॅटरीत किंवा अन्यत्र आहे, स्टिरिओला बोल लावू नये.

प्रश्न : आमच्याकडे 1951 सालची शेव्हरोले आहे. तिचा मूळ व्हॉल्व्हचा रेडिओ जागेवर आहे. जानेवारी 2023मध्ये येथील लक्ष्मी विलास राजवाड्यात जुन्या गाड्यांचा मोठा सोहळा झाला, तो पाहिल्यापासून आमचीही गाडी अशा ठिकाणी न्यावी असे वाटते. नवा स्टिरिओ बसवल्यास व्हिंटेज नोंदणीला किंवा परीक्षणाला बाधा येईल का? बॅटरी 6 व्होल्टची आहे.
— एक वाचक, वडोदरा

उत्तर : केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै 2021मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार 50 वर्षांहून जुन्या गाडीला व्हिंटेज म्हणून नोंदणी मिळते, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये असून ती 10 वर्षे चालते. अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात राखलेली असावी आणि चासी, बॉडी शेल किंवा इंजिन यांत मोठा बदल झालेला नसावा. सीटखाली ठेवलेल्या यंत्राने या अटीला धक्का लागत नाही. कापलेल्या डॅशबोर्डावर मात्र तपासणाऱ्याने बोट ठेवले तर आपल्याजवळ उत्तर नसेल. ही नोंदणी रोजच्या वापरासाठी नसते, हेही लक्षात घ्यावे. परीक्षणात तर मूळपणालाच महत्त्व असते, आणि जागेवर असलेला मूळ रेडिओ हा आपल्या गाडीचा मोठा गुण आहे.

तो रेडिओ आधी दुरुस्त करून घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. बटण फिरवल्यावर आतला व्हायब्रेटर (दाब वाढवता यावा म्हणून बॅटरीची वीज झपाट्याने चालू-बंद करणारा भाग) भुंग्यासारखा गुणगुणू लागतो, पट्टीमागचा पिवळसर दिवा लागतो, आणि व्हॉल्व्ह तापेपर्यंत काही सेकंद नुसती शांतता असते. मग आवाज वर येतो. हे ज्याने एकदा ऐकले तो त्याजागी दुसरे काही बसवू इच्छिणार नाही. मात्र त्या डब्याच्या आत 200 व्होल्टच्या आसपास दाब तयार होतो, त्यामुळे तो घरी उघडू नये.

मोबाइलच्या गाण्यांसाठी लपवलेला ब्लूटूथ अॅम्प्लिफायर घ्यावा आणि त्याला 6 व्होल्टचे 12 करणारा कन्व्हर्टर जोडावा. 12 व्होल्टवर 3 अॅम्पियर घेणारे यंत्र बॅटरीकडून 6 व्होल्टवर 6 अॅम्पियरहून अधिक ओढते, म्हणून कन्व्हर्टरपर्यंतची वायर चार चौरस मिलिमीटरची घ्यावी आणि आपल्या अपेक्षा बेताच्या ठेवाव्यात. केवळ गाण्यांसाठी सगळी गाडी 12 व्होल्टवर नेण्याचा सल्ला कुणी दिला तर तो मानू नये. सोहळ्याच्या दिवशी कन्व्हर्टर, अॅम्प्लिफायर आणि स्पीकर पाच मिनिटांत काढता यावेत अशा रीतीने, कपलर लावूनच जोडणी करावी.

प्रश्न : पुतण्याने अमेरिकेहून दोन खुंट्यांचा नवा स्टिरिओ आणून दिला. एफएमवरची काही केंद्रे लागतात, काही लागत नाहीत, आणि मीडियम वेव्हवर आकाशवाणी इंदूर तर अजिबात नीट लागत नाही. घरच्या ट्रान्झिस्टरवर ते लागते.
— एक वाचक, नारायणबाग, इंदूर

उत्तर : संच चांगला आहे, फक्त तो अमेरिकेच्या हिशेबाने पावले टाकतो आहे. तेथे मीडियम वेव्हची केंद्रे 10 किलोहर्ट्झच्या अंतराने असतात, आपल्याकडे 9च्या. आकाशवाणी इंदूरची जागा 648 आहे. आपला संच 640वरून थेट 650वर उडी मारतो आणि आकाशवाणीच्या मालवा हाउसचा आवाज त्या दोहोंच्या मध्ये राहतो. एफएमवरही तो विषम दशांशांवरच थांबतो, त्यामुळे 98.3 लागते, पण ज्या केंद्राचा आकडा सम दशांशावर संपतो ते लागत नाही.

संचाच्या मेनूमध्ये प्रदेश निवडण्याची सोय असते. तेथे अमेरिकेऐवजी युरोप किंवा आशिया निवडावे. निवड झाल्यावर आधी साठवलेली केंद्रे बहुधा पुसली जातात, ती पुन्हा भरावी लागतील.